कारागिरांसोबत कल्पना-कार्यशाळा कशी घ्यावी? निपाणी परिसरातील अनुभव आणि काही प्रश्न

मलप्रभाकाठ

या चर्चामंचावरील सर्वांना नमस्कार. गेली तीन वर्षे मी बेळगाव जिल्ह्यात कारागिरांच्या गटांसोबत दोन-दोन दिवसांच्या कार्यशाळा घेते आहे. खानापूरकडचे कुंभार, वडगाव-शहापूरचे विणकर आणि गेल्या महिन्यात निपाणी परिसरातील चपला बनवणारी मंडळी, अशा तीन गटांसोबत बसण्याचा योग आला. या कार्यशाळांत मी कोणाला काही शिकवत नाही. एखादी अडचण सर्वांसमोर मांडायची, तिच्यावर सर्वांनी मिळून उपाय शोधायचे, त्यांतले एक-दोन उपाय पुठ्ठा, कागद, कातड्याचे तुकडे यांतून कच्च्या स्वरूपात करून पाहायचे आणि ते प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या हाती देऊन तपासायचे, एवढेच हे काम आहे. ते सोपे वाटते, पण तसे नाही.

निपाणीच्या गटापुढची अडचण अशी होती. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत. आपल्याकडच्या कारागिराला आता पुणे, मुंबई, बंगळूरहून थेट फोनवर मागणी येते. गिऱ्हाईक ‘सात नंबर’ किंवा ‘एक्केचाळीस’ एवढेच सांगते, आणि तो नंबर त्याच्या बुटाचा असतो. चप्पल बनून जाते, पायाला बसत नाही, परत येते. चार दिवसांची मजुरी आणि कुरिअरचा दोन्ही वेळचा खर्च कारागिराच्या अंगावर पडतो.

बावीस जण जमले होते. पहिल्या दिवशी मी सर्वांना गोल करून बसवले, प्रश्न मांडला आणि ‘मनात येईल ते बोला’ असे सांगितले. वीस मिनिटांत तिघेच बोलले. एका ज्येष्ठ कारागिराने एक उपाय सांगितला, दुकानदाराने तो उचलून धरला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. कातड्याची वेणी घालणाऱ्या आणि शिवण करणाऱ्या पाच बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांच्यापैकी एकीनेही तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशी मी बोलणे बाजूला ठेवून जुने पुठ्ठे, सुतळी, खडू आणि कात्र्या मध्ये आणून ठेवल्या. तेव्हा त्याच बायकांपैकी एक मावशी उठल्या, त्यांनी पुठ्ठ्यावर पाय ठेवला आणि शेजारणीला म्हणाल्या, ‘काढ गं भोवतीनं.’ खडूची रेघ पुरी झाल्यावर त्या खुर्चीवर बसल्या आणि तोच पाय पुन्हा त्या रेघेवर ठेवून दाखवला. पाय रेघेच्या आत मावला आणि टाचेकडे थोडी जागाही उरली. ‘बसल्यावर पाय लहान होतो, उभं राहिल्यावर पसरतो. माप उभ्यानं घ्यायला पाहिजे,’ असे त्या म्हणाल्या. पहिल्या दिवसाच्या सगळ्या चर्चेत ही गोष्ट एकदाही आली नव्हती.

माझी अडचण इथून पुढची आहे. जे बोलत नाहीत त्यांचे म्हणणे पहिल्याच दिवशी कसे पुढे आणावे? गटात निम्मे कन्नडभाषक आणि निम्मे मराठीभाषक असतील तर चिठ्ठ्यांचे काय करावे? आणि सुचलेली कल्पना खरी उपयोगाची आहे की नाही, हे कार्यशाळेच्या दोन दिवसांतच करता येईल अशा कोणत्या रीतीने तपासावे? ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उद्यमबाग

ताई, पहिल्या दिवशी जे झाले त्यात आपली चूक नव्हती, ती त्या पद्धतीतच असलेली उणीव आहे. सर्वांनी एकत्र बसून मोठ्याने कल्पना सांगायच्या ही रीत अमेरिकेतील जाहिरात व्यवसायातले अॅलेक्स ऑसबर्न यांनी १९४० च्या दशकात रूढ केली. टीका करायची नाही, संख्येवर भर द्यायचा, दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, असे त्यांचे नियम होते आणि ते नियम चांगलेच आहेत. परंतु १९५८ साली येल विद्यापीठात याची चाचणी झाली. चौघांनी एकत्र बसून सांगितलेल्या कल्पना आणि चौघांनी वेगवेगळे बसून काढलेल्या, नंतर एकत्र केलेल्या कल्पना मोजल्या, तेव्हा वेगवेगळे बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट निघाल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि स्ट्रोबे या संशोधकांनी त्याचे एक मोठे कारण दाखवून दिले. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबता थांबता मनात आलेले विरून जाते किंवा ‘हे आता सांगण्यात अर्थ नाही’ असे वाटू लागते. आपल्याकडे वयाचा आणि मालक-कामगाराचा मान यात भर घालतो, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आम्ही आधी लिहायचे आणि मग बोलायचे असा क्रम ठेवतो. जर्मनीतील बेर्न्ड रोरबाख यांची १९६० च्या दशकाच्या अखेरीची एक पद्धत आहे. सहा जण, प्रत्येकाने एका कागदावर पाच मिनिटांत तीन कल्पना लिहायच्या आणि कागद उजवीकडे सरकवायचा. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ नोंदी होतात. त्यांतल्या पुष्कळ सारख्या असतात आणि काही निरुपयोगीही असतात, पण पंपाच्या बाहेरील कवचाच्या एका ओतीव भागात सतत ब्लो-होल, म्हणजे वायूमुळे पडणारी भोके, येत होती तेव्हा याच पद्धतीने मार्ग सापडला. पॅटर्नवाला, साचा करणारा मोल्डर, भट्टीवाला, फेटलिंगचा (ओतलेला भाग घासून साफ करणारा) कामगार, तपासणीचा माणूस आणि सुपरवायझर असे सहा जण बसवले होते. फेटलिंगच्या कामगाराच्या कागदावर एकच ओळ होती, ‘भोकं नेहमी एकाच अंगाला असतात’. ते अंग कोअरमधला (साच्यातील आतल्या गाभ्यातला) वायू बाहेर पडण्याच्या वाटेचे होते आणि ती वाट बुजत होती. तो माणूस अकरा वर्षे ग्राइंडर चालवत होता, पण त्याला कोणी विचारले नव्हते.

मात्र ज्यांना लिहिण्याची सवय नाही त्यांच्यासाठी हे जसेच्या तसे चालणार नाही. त्याबद्दल इतरांनी लिहावे.

चिकोडीचे मास्तर

उद्यमबाग यांचे म्हणणे मान्य आहे, आणि जिथे त्यांनी सोडले तिथून पुढे लिहितो. मी शिक्षक असलो तरी नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत पाणलोटाच्या कामानिमित्त गावोगाव बैठका घेतल्या आहेत. लिहिता न येणाऱ्या माणसांसोबत विचार करण्याची एक पक्की परंपरा आपल्या कर्नाटकातच घडलेली आहे, आणि ती कारागिरांच्या कार्यशाळेत कोणी वापरत नाही याचे मला फार वाईट वाटते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस मायराडा या संस्थेने कर्नाटकातील खेड्यांत लोकसहभागी ग्रामीण मूल्यमापनाचे प्रयोग केले. इंग्लंडचे रॉबर्ट चेंबर्स यांनी ही पद्धत पुढे जगभर नेली. तिचे मर्म असे की कागदावर अवलंबून राहायचे नाही. गावाचा नकाशा गावकऱ्यांनी जमिनीवर रांगोळीने, दगडांनी, पानांनी काढायचा, आणि पर्यायांची तुलना बिया ठेवून करायची. जमिनीवर काढलेले चित्र सर्वांचे असते आणि ते पायाने पुसून पुन्हा काढता येते. कागदावरची रेघ मात्र ज्याच्या हातात पेन त्याची होऊन बसते. चेंबर्स यांचा यासाठी ठरलेला शब्दप्रयोग होता, काठी दुसऱ्याच्या हाती देणे. बैठक घेणाऱ्याने नकाशाकडे बोट दाखवण्याची काठी खाली ठेवली आणि ती एखाद्या म्हाताऱ्या बाईने उचलली, की त्या क्षणापासून बैठकीचा रंगच बदलतो. हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे.

निवड करण्याच्या वेळी एक गोष्ट जपावी. चिंचोके देऊन मत द्यायला सांगितले तर लोक आधी पाटील कुठे ठेवतात ते पाहतात आणि मग आपले ठेवतात. आम्ही प्रत्येक पर्यायासमोर एक पालथी वाटी ठेवत असू. प्रत्येकाने आपल्या मुठीतले पाच चिंचोके हवे तसे वाटून वाटीखाली सरकवायचे. शेवटी सर्वांसमोर वाट्या उचलायच्या. मोजणी तर मोलाची आहेच, पण मोजणीनंतरचे पाच मिनिटांचे बोलणे त्याहून मोलाचे असते, कारण ‘माझ्याशिवाय आणखी सहा जणांना असेच वाटते’ हे कळल्यावर गप्प बसणारा माणूस बोलू लागतो.

चिठ्ठ्या असतीलच, तर त्यांचे गट पाडताना मथळे आधी ठरवू नयेत. जपानचे जिरो कावाकिता यांनी १९६० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीत हाच आग्रह आहे. आधी सारख्या वाटणाऱ्या चिठ्ठ्या शेजारी ठेवा आणि मग त्या ढिगाला नाव द्या. मथळे आधी लिहिले की लोक कल्पना त्यात कोंबतात, आणि जी चिठ्ठी कुठेच बसत नाही ती ‘इतर’मध्ये जाऊन मरते. ती चिठ्ठी मी नेहमी मोठ्याने वाचून घेतो.

शहापूरवहिनी

भाषेच्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण आमच्या मागाच्या गल्लीत रोजच दोन्ही भाषा चालतात. साडीच्या काठाच्या नव्या नक्षीसाठी आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी अशीच कार्यशाळा झाली होती. बाहेरून आलेल्या मॅडमनी सर्वांना एकाच भाषेत लिहायला लावले आणि कन्नड बायकांच्या चिठ्ठ्या दोन-दोन शब्दांच्या झाल्या. हुशारी कमी होती म्हणून नव्हे, तर परक्या भाषेत माणूस जेवढे लिहिता येते तेवढेच सांगतो म्हणून. ज्या सभेत मराठी माणसांना कन्नडमध्ये लिहावे लागते तिथे हेच उलटे होते, हे इथल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही बायकांनीच ठरवले. ज्याने त्याने आपल्या भाषेत लिहायचे, लिहिता येत नसेल तर चित्र काढायचे, आणि चिठ्ठी भिंतीवर लावताना ती लिहिणारीने वाचायची नाही. शेजारणीने तिला विचारून घ्यायचे आणि दुसऱ्या भाषेत सर्वांना सांगायचे. कन्नड बाईची कल्पना मराठी बाईच्या तोंडून आणि मराठी बाईची कन्नड बाईच्या तोंडून ऐकू आली की ती कोणा एका बाजूची राहत नाही. यात वेळ जातो, पण तो वाया जात नाही, कारण सांगताना शेजारीण दोन प्रश्न विचारते आणि त्या प्रश्नांतून कल्पना स्पष्ट होते. भाषांतराचे काम कार्यशाळा घेणाऱ्याने स्वतःकडे अजिबात घेऊ नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

आणखी एक. बायकांना भिंतीकडे बसू देऊ नका. खुर्च्या काढून सतरंजी टाका, आणि कामाचे सामान त्यांच्या बाजूला ठेवा.

अथणीरस्ता

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे आणि ते कोणी मनावर घेऊ नये. दोन दिवस बावीस माणसे बसवली म्हणजे चव्वेचाळीस दिवसांची मजुरी झाली. ती मजुरी दिली गेली का, हा पहिला प्रश्न आहे. आमच्या भागात कारागिरांना चहा-बिस्किटांवर दिवसभर बसवून घेणाऱ्या कार्यशाळा मी पाहिल्या आहेत. फोटो निघतात, अहवाल जातो, आणि कारागीर रात्री जागून अंगावर राहिलेले काम पुरे करतो.

दुसरे असे की चांगली वस्तू दहा जणांच्या चिठ्ठ्यांतून जन्मते यावर माझा विश्वास बसत नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला, ज्याच्यानंतर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, त्यात त्यांनी आपल्या साध्या लोट्याला सर्वांत वरचे स्थान दिले आहे. तो लोटा कोणा एकाने घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरातून तो तसा होत गेला, असे त्यांचे निरीक्षण आहे. कोल्हापुरी चप्पलही तशीच आहे. हिरडा आणि बाभळीच्या सालीने कमावलेले कातडे, रापीने (चांभाराच्या सुरीने) कापलेला तळ, हाताची शिवण, यांत दोन दिवसांत काय सुधारणार?

मलप्रभाकाठ

अथणीरस्ता, मजुरीचा प्रश्न आपण विचारलात याबद्दल मनापासून आभार. दोन्ही दिवसांची पूर्ण मजुरी पहिल्या दिवशी सकाळीच हातात दिली होती. संध्याकाळी दिली तर माणसे मजुरीसाठी थांबतात आणि सकाळी दिली तर कामासाठी थांबतात, असा माझा अनुभव आहे. ज्यांना जायचे होते त्यांना जाण्याची मोकळीक होती, आणि बावीसपैकी दोघे दुपारी गेले.

लोट्याबद्दल आपण जे लिहिले आहे ते मला पटते, आणि म्हणूनच आम्ही चपलेला हात लावला नाही. चपलेचा प्रकार कापशी असो वा कुरुंदवाडी, तिचा घाट, तिची कानवली (बाजूचे कान), तिची वेणी यांवर चर्चा करायचीच नाही असे मी आरंभीच सांगितले होते. आमचा प्रश्न फक्त माप पोहोचवण्याचा होता. गिऱ्हाईक समोर असताना कारागीर पाय पाहून माप घेत होता, ही पिढ्यांची रीत फोनमुळे दहा वर्षांत तुटली. जे तुटले आहे ते जोडण्यासाठी आणखी पिढ्या थांबणे आज पोट असलेल्या माणसाला परवडत नाही. कार्यशाळेसाठी प्रश्न निवडताना तो एवढाच अरुंद ठेवावा, हे मात्र मी आपल्या प्रतिसादामुळे अधिक नेमके लिहू शकले.

घाटमाथा

मी मूळचा जांबोटीकडचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे. तपासणीच्या प्रश्नावर लिहितो, कारण माझा रोजचा संबंध त्याच भागाशी येतो.

कच्चा नमुना जितका ओबडधोबड, तितकी त्यावर खरी मते मिळतात. देखणा, छापलेला कागद दाखवला की लोक ‘छान आहे’ म्हणतात, कारण कोणीतरी कष्ट घेतलेले दिसतात आणि आपल्याकडे पाहुण्याचे मन मोडत नाहीत. पेन्सिलने काढलेला कागद दिला की त्यावर रेघ ओढायला कोणी कचरत नाही. स्कँडिनेव्हियात १९८१ ते १९८५ या काळात वृत्तपत्रांच्या छापखान्यातील कामगारांच्या संघटनांसोबत युटोपिया नावाचा एक प्रकल्प झाला. संगणक येऊ घातले होते आणि कामगारांना आपल्या कामाचे साधन कसे असावे हे स्वतः ठरवायचे होते. त्या वेळी टेबलावर ठेवता येणारा लेझर प्रिंटर त्यांच्याजवळ नव्हता, म्हणून त्यांनी एक रिकामे पुठ्ठ्याचे खोके त्या जागी ठेवले आणि त्याच्यासमोर बसून रोजचे काम करून पाहिले. पुठ्ठ्याच्या खोक्यासमोर काम करताना कोणाला कुठे उठावे लागते, कोण कोणाच्या वाटेत येतो हे सगळे कळते.

दुसरी युक्ती यंत्राऐवजी माणूस बसवण्याची. १९८० च्या दशकाच्या आरंभी आयबीएम या संगणक कंपनीमध्ये बोललेले ऐकून टंकलेखन करणारे यंत्र लोकांना कितपत उपयोगी पडेल हे पाहायचे होते. यंत्र नव्हतेच. दुसऱ्या खोलीत एक कुशल टंकलेखक बसवला आणि बोलणाऱ्याच्या पडद्यावर अक्षरे उमटू लागली. आपल्या गटात फोन सांभाळणारा एखादा मुलगा असेल तर त्याला शेजारच्या खोलीत बसवा, समोरच्या माणसाला फक्त फोनवर माप पाठवायला सांगा, आणि संदेशांची देवाणघेवाण कुठे अडते ते टिपून ठेवा. अॅप बनवण्याआधी अॅपची गरज आहे का, हे एका दुपारी कळते.

किती जणांवर तपासावे? संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली मांडलेले ‘पाच जण पुरेत’ हे सूत्र प्रसिद्ध आहे. एका माणसाच्या तपासणीत सरासरी ३१ टक्के अडचणी दिसतात असे धरले तर पाचांमध्ये सुमारे ८५ टक्के दिसून जातात, असा त्यामागचा हिशोब आहे. हे पाच एकाच प्रकारचे वापरणारे असले पाहिजेत, ही त्यातली अट पुष्कळ जण विसरतात. पुण्यातला नोकरदार आणि निपाणीच्या बाजारातील आजी यांना एका पाचात घालू नये. आणि पाचांवर तपासून थांबायचे नसते. सुधारून पुन्हा पाचांवर तपासायचे असते.

तपासताना ‘आवडले का’ हे विचारूच नका. कागद हातात द्या, ‘या कागदावरून तुमच्या पायाचे माप मला पाठवा’ एवढे सांगा आणि गप्प राहा. मदत करण्याचा मोह फार होतो. हात मागे बांधून उभे राहिलात तर उत्तम.

मापाच्या कागदाच्या फोटोत एखादी ठरावीक आकाराची वस्तू ठेवली तर फोटोवरून माप काढता येईल. सर्व एटीएम कार्डे एकाच आकाराची, ८५.६ मिलिमीटर लांब असतात. ते वापरून पाहा.

मलप्रभाकाठ

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, कारण या धाग्यावरच्या सूचना घेऊन आम्ही दुसरी बैठक घेतली. जे झाले ते क्रमाने सांगते.

खुर्च्या काढल्या, सतरंजी टाकली, सामान बायकांच्या बाजूला ठेवले. पहिली पंधरा मिनिटे कोणी बोलायचे नाही, लिहायचे किंवा काढायचे, असे ठरवले. मागच्या वेळी वीस मिनिटांत तिघेच बोलले होते, या वेळी भिंतीवर सदतीस चिठ्ठ्या लागल्या आणि त्यांतल्या चौदांवर चित्रे होती. शेजारणीने सांगायचे, हा वहिनींचा नियम आम्ही पाळला, आणि त्यातून एक गोष्ट घडली. एका कन्नडभाषक अक्कांनी आपल्या चित्राबद्दल बोलताना ‘अळते’ हा शब्द पुन्हा पुन्हा वापरला. कन्नडमध्ये त्याचा अर्थ माप. त्यांची मराठी शेजारीण तो शब्द ‘अळता’ असा समजली, म्हणजे लग्नकार्यात बायका पायाला लावतात तो लाल रंग, आणि तिने सर्वांना सांगितले की अक्का म्हणतात, पायाला अळता लावून कागदावर ठसा उमटवा. अक्का क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, ‘मी तसं म्हटलं नव्हतं, पण तसं करून बघू या.’ रंग नव्हता, म्हणून ताटात पाणी घेतले आणि ओल्या पायाने वर्तमानपत्रावर उभे राहून पाहिले. ठशात पायाची कमान स्पष्ट दिसली, चवडा कुठे सर्वांत रुंद आहे ते दिसले. पट्टा कुठे यायला हवा हे कारागिराला नुसत्या बाह्यरेषेपेक्षा त्या ठशावरून अधिक चांगले कळते, असे ज्येष्ठ कारागिरांनीच सांगितले.

चिंचोके वाटीखाली ठेवून निवड केली, आणि ओला ठसा व भोवतीची रेघ असे दोन्ही एकाच कागदावर घ्यायचे ठरले. मग बाजारात जाऊन पाच जणांना कागद दिला आणि मी खरोखरच हात मागे बांधून उभी राहिले.

पहिल्याच माणसाने स्वतःच्या पायाभोवती स्वतः रेघ काढण्यासाठी वाकून पाहिले. वाकल्यावर भार चवड्यावर आला, टाच उचलली गेली आणि पेन्सिल तिरकी झाली. दुसऱ्यानेही तेच केले. मागाहून मोजल्यावर कळले की पेन्सिल सरळ धरली तरी तिची जाडी सुमारे सात मिलिमीटर असते, त्यामुळे पुढून-मागून अर्धी-अर्धी मिळून लांबी तेवढीच वाढते, आणि युरोपीय नंबरांतील एका नंबराचे अंतर ६.६७ मिलिमीटर आहे. म्हणजे रेघ अगदी नीट काढली तरी चप्पल एक नंबर मोठी होणार. आता कागदावर ‘टाच भिंतीला लावा, रेघ दुसऱ्याने काढावी’ असे चित्र आहे, आणि राहिलेली अर्धी जाडी कारागीर वजा करतो.

एटीएम कार्डाची कल्पना मात्र पहिल्या अर्ध्या तासातच बाद झाली. पाचांपैकी चौघांनी कार्ड काढायलाच नकार दिला. त्यावरचा नंबर फोटोत येतो, आणि फसवणुकीचे फोन सर्वांनी ऐकलेले आहेत. आम्ही बावीस जण आणि या धाग्यावरचे सर्व जण मिळून हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते. एका भाजीवाल्या काकांनी खिशातून दहाचे नाणे काढून विचारले, ‘हे ठेवलं तर चालेल का?’

उद्यमबाग

नाणे ठेवू नका. दहाचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते आणि पाय साधारण २५० मिलिमीटरचा. फोटोत नाण्याची कड ओळखताना एक मिलिमीटर चुकले तर पायाच्या मापात ती चूक नवपट होऊन येते, म्हणजे एक नंबराहून जास्त. लहान वस्तूवरून मोठे माप काढणे आमच्या तपासणी विभागातही निषिद्ध आहे. त्यापेक्षा नोट ठेवा. दहाची नवी तपकिरी नोट १२३ मिलिमीटर लांब आहे, तीच चूक दुपटीवर थांबेल. आणि फोटो बरोबर वरून घ्यायला सांगा. तिरपा घेतला तर नोट आणि पाय दोन्ही फसवतील.

मलप्रभाकाठ

नोट ठेवून पुन्हा पाच जणांवर तपासले. चौघांची मापे दोन-तीन मिलिमीटरच्या आत आली. पाचव्या आजींचे माप सव्वादोन सेंटिमीटरहून अधिक कमी आले. कारण शोधायला वेळ लागला. त्यांनी कनवटीची जुनी नोट ठेवली होती, आणि दहाची जुनी नोट १३७ मिलिमीटर लांब असते. फोन सांभाळणाऱ्या मुलाने ती १२३ धरून हिशोब केला होता.

घाटमाथा

हीच चूक एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी झाली असती तर चप्पल परत आल्यावर कळली असती. दोन्ही नोटांची चित्रे कागदावर छापावीत का?

चिकोडीचे मास्तर

छापण्याआधी आजींना विचारा. त्यांच्यासारख्या बाईला दोन चित्रांतला फरक कळतो का, हे आपण ठरवू नये. आणखी एक विनंती, कागदाच्या कोपऱ्यात तो कोणी-कोणी मिळून घडवला त्यांची नावे असावीत. ज्या मावशींनी पहिल्यांदा पुठ्ठ्यावर पाय ठेवला त्यांचे सर्वांत वर.

मलप्रभाकाठ

मास्तर, आजींना काल विचारले. त्या म्हणाल्या, चित्र नको, शंभरची नोट ठेवायला सांगा, शंभरची नोट माणूस नीट बघून काढतो. शंभरच्याही दोन नोटा चालतात, नवी जांभळी १४२ मिलिमीटर आहे, आणि जुनी हिरवट तिच्याहून बरीच लांब. मात्र हा फरक रंगाचा असल्याने फोन सांभाळणाऱ्या मुलाला फोटोत चटकन दिसतो, दहाच्या मळलेल्या नोटांत तो दिसत नव्हता. तिसरा कागद त्याप्रमाणे हाताने काढला आहे. नावे लिहिण्याबद्दल गटात विचारले, तेव्हा मावशींनी नावाऐवजी आपल्या पायाची रेघच कागदावर नमुना म्हणून छापावी असे सुचवले. ती रेघ कार्डशीटवर उतरवून घेतली आहे. येत्या बाजारी पुढच्या पाच जणांवर तपासणार आहोत, आणि या वेळी त्यांत बाहेरगावची किमान दोन माणसे असतील असे पाहते आहे.